सेंटर फील्डची मधुरा

कौशिकच्या घरी जो बायोडाटा गेला, त्यात 'खेळाची आवड' एवढंच लिहिलं होतं. मधुराच्या वडिलांनी ते मुद्दाम तसं लिहिलं. मुलगी सहा वर्षं जपानात बेसबॉल खेळत होती म्हटलं, की लोक आधी वय विचारायचे आणि मग, एवढं ऊन लागलं तर रंग परत उजळेल का, तेही विचारायचे.

चाळीसगावच्या शाळेत मुलींसाठी सॉफ्टबॉल हा एकच खेळ होता, म्हणून ती तो खेळली. तिथून राज्याच्या संघात, मग बेसबॉलकडे, मग देशाच्या संघात. परदेशातल्या एका स्पर्धेत जपानी महिला संघाच्या माणसानं तिला पळताना पाहिलं आणि चाचणीसाठी बोलावून घेतलं. बाविसाव्या वर्षी ती गेली. तिची जागा सेंटर फील्ड. म्हणजे बॅटरपासून पार लांब, मैदानाच्या मागच्या अंगाला, मधोमध. तिथं बराच वेळ काहीच येत नाही. पण बॅटचा आवाज झाला की त्या आवाजावरनंच ओळखायचं, चेंडू पुढं पडणार की डोक्यावरून जाणार, आणि बघत न बसता सुटायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिच्यात होतंच. जपानातल्या त्या छोट्या गावात भाजीवालीसुद्धा तिला तिच्या जर्सीच्या आकड्यानं हाक मारायची. सहाव्या वर्षी एक उंच चेंडू घ्यायला ती पळत गेली ती थेट मैदानाच्या कठड्यावर आदळली. गुडघा गेला. शस्त्रक्रियेतून उठेपर्यंत संघही बंद पडला होता.

ती परत आली तेव्हा चाळीसगावात कुणी विचारलंच नाही की काय संपलं. काय चालू होतं तेच कुणाला माहीत नव्हतं.

लग्नानंतर ती कतारमध्ये, दोहाला आली. कौशिक शहराबाहेर लांब, रास लफानच्या गॅस प्रकल्पात एका कंत्राटदार कंपनीचे हिशेब बघायचा. पहाटे कंपनीची बस त्याला घेऊन जायची आणि अंधार पडल्यावर आणून सोडायची. अल अझीझियातल्या फ्लॅटमध्ये दिवसभर एसीची घरघर आणि ती. कित्येक दिवस असे जायचे, की तोंडातून निघालेला एकच शब्द म्हणजे सामान आणणाऱ्याचे अरबीत आभार मानताना म्हटलेलं 'शुक्रन'. मराठी मंडळात ओळखी झाल्या होत्या; पण तिथल्या बायकांची चौकशी पाळण्यापाशी येऊन थांबायची आणि मधुरा हळूहळू जाईनाशी झाली. कौशिक माणूस वाईट नव्हता. रोज दुपारी फोन करून विचारायचा, "जेवलीस?" ती म्हणायची, "हो, तू?" एवढ्यावर फोन संपायचा.

नोव्हेंबरात उकाडा उतरला तशी ती सकाळची फिरायला बाहेर पडू लागली. एका शुक्रवारी, तिथल्या सुटीच्या दिवशी, भाजी घेऊन परतताना एका मोकळ्या पटांगणाच्या बाजूनं आरोळी आली, "ओराई!"

चेंडू माझा आहे, कुणी मध्ये येऊ नका, हे सांगायला जपानी खेळाडू असं ओरडतात. ती आरोळी तिनं किती वर्षांत ऐकली नव्हती. भाजीच्या पिशवीसकट ती पळत सुटली.

जपानी कंपनीतली माणसं होती. बहुतेक चाळिशीपुढची, पोटं सुटलेली. त्यांचा म्होरक्या नाकागावा. मधुरा मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली, "मी सेंटरला होते." संघाचं नाव सांगितलं. त्यानं ते ऐकलेलं नव्हतं.

"पुढच्या शुक्रवारी या," तो म्हणाला, "सेंटरला आमचं कुणी पळत नाही."

त्याच्या मुलाचा जुना ग्लोव्ह तिला मिळाला. पुढच्या शुक्रवारी पहिला उंच चेंडू आला आणि ती बरोबर सुटली. पण वर पाहिलं तर धुळीनं आभाळ दुधासारखं पांढरं. चेंडू त्यात विरघळूनच गेला आणि तिच्या मागं पडला. दुसरा थेट खांद्यावर बसला. कुणी हसलं नाही. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"कशाला नसता उद्योग?" कौशिक म्हणाला. "लागलं-बिगलं तर?"

"लागलंच आहे."

त्यानं खांदा बघितला, खाली गेला आणि औषधाच्या दुकानातून स्प्रे घेऊन आला.

ती जात राहिली. आभाळात चेंडू शोधायचा नाही, बॅटवरून सुटतानाच त्याला नजरेत धरायचं, हे तिला नव्यानं शिकावं लागलं. संध्याकाळी गुडघा ठणकायचा. पण जानेवारीत एकदा तिनं चेंडूकडं पूर्ण पाठ करून धाव घेतली, हात पुढं केला आणि तो येऊन ग्लोव्हमध्ये बसला. त्या दिवशी तिनं स्वतःसाठी शिरा केला. मधले सहा दिवस आता शुक्रवारची वाट बघण्यात जायचे.

फेब्रुवारीत एका हॉटेलातल्या फिलिपिनो लोकांच्या संघाशी सामना ठरला. "येशील?" तिनं कौशिकला विचारलं. तो आला. सावलीत खुर्ची टाकून बसला.

शेवटच्या डावात चेंडू तिच्या डोक्यावरून निघाला. झेलला तर फलंदाज बाद. पण झेल होताच तिसऱ्या बेसवरचा त्यांचा गडी शेवटच्या बेसकडं पळणार, आणि तो पोचला की बरोबरी. मधुरा पळाली, पाठीवरून आलेला चेंडू घेतला, वळली, आणि अंगातलं सगळं बळ लावून फेकला. एक टप्पा पडून तो शेवटच्या बेसवर उभ्या नाकागावाच्या हातात गेला. पळणारा गडी बाद. सामना मधुराच्या संघाचा. ती पोटं सुटलेली माणसं लहान पोरांसारखी तिच्याकडं धावत आली.

तिनं खुर्चीकडं पाहिलं. कौशिक पाठमोरा उभा होता. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट.

गाडीत त्यानं विचारलं, "काय झालं शेवटी?"

"जिंकलो."

"अरे वा! तू काय केलंस?"

सांगायला ती वळली आणि अडली. त्या खेळातलं सगळं ती जपानीत शिकली होती, जपानीतच जगली होती. मराठीत ते कधी कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

"एक कॅच घेतला," ती म्हणाली.

मार्चमध्ये त्या कंपनीचं काम संपलं. माणसं गटागटानं मायदेशी गेली. अखेरच्या शुक्रवारी चौघेच उरले, तेव्हा त्यांनी नुसती फेकाफेक केली. निघताना नाकागावानं कमरेत वाकून नमस्कार केला. ग्लोव्ह त्याला मुलासाठी परत न्यायचा होता. मधुरानं तो पुसून, बोटं नीट करून त्याच्या हातात दिला.

पुढच्या शुक्रवारी ती उठलीच नाही.

"आज जायचं नाही?" कौशिकनं विचारलं.

"खलास. सगळे गेले."

तो स्वयंपाकघरात गेला. चहा करून घेऊन आला, तिच्या पायाशी बसला. ती म्हणाली, "कौशिक, मी तिकडं खेळायचे ना, ती नोकरी होती माझी."

"खेळायचीस, माहीत आहे."

"नाही. माहीत नाही तुला."

त्यानं आपला कप उचलला. मग म्हणाला, "सांग."

ती अडखळत सांगू लागली. मैदान कसं असतं, ती कुठं उभी राहायची, तिथून बॅटर बोटाएवढा दिसतो. फोन थरथरला, त्यानं तो पालथा घातला. वसतिगृहातली खोली, घरून आलेलं मेतकूट संघातल्या मुलींनी कसं पुरवून पुरवून खाल्लं, पहिल्या वर्षी सगळ्यांनी तिला कसं रडवलं. तो हसला. दोन-तीनदा "मग?" म्हणाला. दुसऱ्या वर्षावर ती आली तेव्हा त्याचे डोळे मिटले होते. आठवड्यात त्याला एकच दिवस सुटी मिळायची.

ती थांबली. त्याच्या हातातला कप काढून खाली ठेवला. तो झोपेत कुशीवर वळला.

मग ती पुढचं सांगू लागली. हळू आवाजात, एकेका वर्षाचं, शब्द जुळवत. सांगत सांगत मैदानाच्या त्या कठड्यापाशी आली तेव्हा ऊन गॅलरीतून आत सरकलं होतं. तेवढंही तिनं सांगून टाकलं, आणि भात लावायला उठली.