तेवीस मीटर तार

माझ्या लाल पेन्सिलीला हात लावायची शाळेत कुणाची छाती नव्हती. एकतीस वर्षं गणित शिकवतेय मी. आणि माझ्याच भाचीनं, माझ्याच शाळेत, सातवीच्या बत्तीस पोरांच्या हातात एकेक लाल पेन्सिल दिली! काय तर म्हणे, ती फळ्यावर रोज मुद्दाम एक चूक करणार, त्या चुकीला म्हणायचं ‘चोर’, आणि पोरांनी चोर शोधून त्याच्यावर लाल फुली मारायची. अहो, शिकवायचं की लपंडाव खेळायचा?

मी तिला घरी बोलावून चांगलं फैलावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, “मावशी, बाई म्हणतील ते खरं, एवढंच शिकून पोरं शाळेतून बाहेर पडतात. मग जन्मभर कुणीही काहीही सांगावं, ह्यांनी मान डोलवावी. त्यासाठी असते का शाळा?”

मला वर्मी लागलं. हिला गणित मीच शिकवलंय. सातवीत चाचणीच्या वेळी एक सोपं गणित सोडून रेघोट्या मारत बसली, म्हणून तास संपेपर्यंत दाराबाहेर उभी केली होती. बहिणीची मुलगी म्हणून दयामाया दाखवली नाही. आणि आता ही मला शाळा कशासाठी असते ते सांगणार!

मी वरच्या कचेरीत लेखी तक्रार केली.

म्हणून आज तपासणीचे साहेब आले होते. अट सरळ होती. पेपर मी काढायचा, पन्नास गुणांचा, तिसाला पास. बत्तीसपैकी पंचवीस पोरं पास झाली तर भाचीचा वर्ग आहे तसा चालू राहील. नाही झाली तर वर्ग उद्यापासून माझ्याकडे आणि भाचीची उचलबांगडी. पेपर मी ठेवणीतलाच दिला. दरवर्षीचा, घासूनपुसून तयार झालेला.

पेपर संपला तशी मी शिक्षकांच्या खोलीत तपासायला बसले. समोर साहेब. भाची दाराबाहेर उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. आत यायची तिला परवानगी नव्हती.

पहिल्याच पोराचा पेपर बघून माझं डोकं फिरलं. चौथा प्रश्न, दहा गुणांचा, सगळ्यांत सोपा. ‘एका त्रिकोणी बागेच्या बाजू पाच, सहा आणि बारा मीटर आहेत. कुंपणाला एक वेढा द्यायला तार किती लागेल?’ बेरीज करायची, तेवीस लिहायचं, मोकळं व्हायचं. ह्या दिवट्यानं उत्तर न देता प्रश्नावरच लाल फुली मारली होती! छापलेल्या प्रश्नावर! दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच.

“आगाऊ कार्टी!” मी म्हटलं आणि शून्य, शून्य, शून्य देत सुटले.

साहेब बाजूला आकडे मांडत होते. “एकोणीस पास होतायत,” ते म्हणाले. “तेवीसच ना हो उत्तर? माझंही तेच आलं.”

“तेवीसच. आणखी काय येणार?”

शेवटचा पेपर वर्गातल्या एका चष्मेवाल्या पोरीचा होता. तिनं नुसती फुली मारली नव्हती, खाली आकृतीही काढली होती. बारा सेंटीमीटरची रेघ, एका टोकाला कंपासनं पाचाचा कंस, दुसऱ्या टोकाला सहाचा. दोन्ही कंसांत नखाएवढी फट. खाली लिहिलं होतं, ‘चोर सापडला. पाच आणि सहा मिळून अकराच होतात. बाई, अशी बाग नसतेच.’

मी पट्टी घेतली. रद्दी कागदाच्या तीन पट्ट्या कापल्या, पाच, सहा आणि बारा, आणि टेबलावर जुळवल्या. जुळेनात. पुन्हा मोजून पुन्हा जुळवल्या. एका सेंटीमीटरची फट तिथंच होती. पोरांना वाटलं होतं, परीक्षेतही बाईंनी मुद्दामच चोर घातलाय. मुद्दाम कसला! एकतीस वर्षं हाच प्रश्न घालत होते मी. किती पोरांनी मुकाट्यानं तेवीस लिहिलं, आणि किती जणांना मी शाबासकी दिली!

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “मग लिहितो, प्रयोग बंद.”

गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? वर्ग माझ्याकडे आला असता. दाराबाहेर ओढणीचं टोक अजून फिरत होतं.

“थांबा साहेब,” मी म्हटलं. “प्रश्न चुकलाय. माझाच.”

त्यांनी पट्ट्या पाहिल्या आणि आवाज खाली आणला. “बाई, निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमचे. हे लेखी आलं की इतक्या वर्षांचे पेपर निघतील, चौकशी लागेल. जाऊ द्या ना.”

“तक्रार लेखी केली होती, चूकही लेखीच देते.”

माझ्या उत्तरसूचीतल्या तेवीसवर मी माझ्याच लाल पेन्सिलीनं फुली मारली. खाली ‘प्रश्न चुकीचा, चूक माझी’ असं लिहून सही केली. सगळ्यांना दहा-दहा गुण दिले. एकाच पोरानं तेवीस लिहिलं होतं, त्यालाही दिले, कारण त्याला फसवलं होतं मी. एकोणतीस पास झाले. साहेबांनी ‘वर्ग चालू ठेवावा’ असं लिहिलं, माझा कागद घेतला आणि निघून गेले.

मी टेबलावरच्या त्या तीन पट्ट्यांकडे बघत राहिले आणि एकदम आठवलं. सोपं गणित. रेघोट्या. सातवी.

“अगं,” मी दाराकडे बघून विचारलं, “तुला बाहेर उभं केलं होतं, त्या दिवशी तू हाच त्रिकोण काढत होतीस?”

तिनं मानेनंच हो म्हटलं.

“मग बोलली का नाहीस तेव्हा?”

“बोलले होते, मावशी. तू म्हणालीस, चित्रं नकोत, उत्तर लिही.”

मला रडू आवरेना. ती अजूनही उंबऱ्याच्या पलीकडेच उभी होती.

“आत ये गं,” मी म्हटलं. “तास संपला.”