पाटावर बसवलेली पहार

मी पहार बोलतेय, आणि आधीच सांगते, रागानं बोलतेय. गोड बोलणं ऐकायचं असेल तर समोरच्या देवळातल्या घंटेकडे जा. आज दसरा. अंबरपेठेतल्या या लाकडाच्या वखारीत मला घासूनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पाटावर आडवी ठेवलीय. शेजारी कुऱ्हाड, करवत आणि दोराचा आकडा. आज आम्हाला कुणी हात लावायचा नाही, असा इथला नियम आहे. त्या नियमानंच माझं डोकं फिरतं.

माझा जन्म भंगारातला. मोडक्या लॉरीचा दांडा लोहारानं तापवला, ठोकला, एक टोक चपटं केलं, दुसरं टोकदार. त्याच्या दुकानात आम्ही बऱ्याच जणी भिंतीला टेकून उभ्या होतो. वखारीचे मालक भगवंतराव आले आणि त्यांनी निळा रंग दिलेली, हलकी पहार उचलली. “ही बरी दिसते,” म्हणाले. त्यांच्याबरोबर नांदेडकडचा नागोराव होता, वखारीत ओंडके लोटणारा. तो एकेकीला दगडावर आपटून आवाज ऐकत होता.

“मालक, दिसण्यावर जाऊ नका. हलकी पहार हाताला बरी वाटती अन् ओंडक्याखाली वाकती. ही घ्या.”

माझ्या अंगावर रंगाचा टिपूस नव्हता. तरी निवडली गेले ती मी. त्याचा मला अजून अभिमान आहे.

ओंडका हलवायला ताकद लागते असं बघणाऱ्याला वाटतं. खरं म्हणजे टेकू लागतो. नागोराव ओंडक्याला लागून दगड ठेवायचा, माझं चपटं टोक खाली सारायचा आणि वरच्या टोकावर अंगाचा भार टाकायचा. कितीही माजलेला ओंडका कुरकुरत कूस बदलायचा. पलीकडून यादगिरी लगेच लाकडाची उटी सरकवायचा, म्हणजे ओंडका परत मागं येऊ नये. यादगिरी इथलाच, तेलुगू घरातला. तो मला सब्बल म्हणतो. मी दोन्ही नावांना ओ देते. कामाव्यतिरिक्तही लोकांनी मला काय काय करायला लावलं. कुणी माझ्यावर नारळ फोडले, कुणी दाराला अडसर म्हणून लावलं, पावसाळाभर चिखलातही पडू दिलं. त्याचा मला राग नाही. मला राग आहे तो या मानपानाचा.

गेल्या दसऱ्याला काय झालं ते ऐका. भगवंतरावांनी नवी गाडी घेतली होती. तिची पूजा वखारीतच, आमच्या पाटासमोर व्हायची होती, आणि नेमका वाटेत कडुनिंबाचा जाडजूड ओंडका पडलेला. नागोराव बौद्ध. दसऱ्याला तो बायको पार्वतीबाई आणि मुलगी रेणुका यांच्याबरोबर पांढरे कपडे घालून विहारात जातो. त्यानं सुट्टी मागितली होती. “एवढा ओंडका बाजूला घे आणि जा की,” मालक म्हणाले. बिचारा पांढरा सदरा पिशवीत घालून कामावर आला.

त्यानं पाटाकडे बोट दाखवलं. “मग पहार तरी घेऊ द्या.”

“ती पूजेत आहे. तुमच्यात चालत असेल, आमच्यात आज हत्यारांना सुट्टी असते. तो पाइप घे.”

मला सुट्टी आणि त्याला नाही. लोखंडाला विश्रांती आणि हाडामांसाच्या माणसाला काम. मी पाटावर पडून हे ऐकलं, आणि मला तोंड असतं तर तिथल्या तिथं त्या मालकाची खरडपट्टी काढली असती.

पाइप सेंट्रिंगचा होता, आतून पोकळ. नागोरावनं नाइलाजानं तोच घातला. ओंडका अर्धा वर आला, आणि पाइप मधेच वाकला. यादगिरीची उटी पोचायच्या आत ओंडका मागं फिरला आणि नागोरावच्या डाव्या पावलावर बसला. नागोराव “आई गं” म्हणून खालीच बसला.

यादगिरीनं खांदा लावून पाहिला, मग मलाच मागितलं. “सब्बल होना, साब. हाताँ से नै हिलता.”

भगवंतराव पाटासमोर आडवे उभे. “थांब, थांब. पूजेतली उचलायची नसते. बांबू बघ कुठं आहे का.”

माणसाचा पाय चिरडतोय आणि हा गृहस्थ माझी पूजा सांभाळतोय. असली भक्ती जळो.

फाटकात रेणुका स्कूटर घेऊन वडलांना न्यायला आली होती. नामपल्लीच्या एका ऑफिसात नोकरी करते ती. तिनं ना रांगोळी बघितली, ना नारळ. भगवंतरावांना बाजूला सारून तिनं मला ओढून काढलं. पण तिनं मला कधी हातात धरलेलं नव्हतं, ती टोकदार बाजूच खाली घालायला निघाली.

“उलटी हाय, बाळा,” नागोराव दात आवळून म्हणाला. “चपटं टोक खाली. दगड जवळ घे. अजून जवळ. आता समदा भार टाक.”

“टाकला, पप्पा.”

ओंडका उचलला गेला. यादगिरीनं नागोरावला ओढून काढलं. रेणुकाच्या पांढऱ्या ड्रेसवर माझं हळदकुंकू लागलं होतं.

पाऊल वाचलं, पण घोटा कायमचा आखडला. भगवंतराव मात्र गावभर सांगत सुटले, की पूजा मोडली म्हणून असं झालं. अहो, आधी पाय सापडला, मग पूजा मोडली! एवढंही ध्यानात राहू नये? नागोरावला कामावरून काढलं तर बोभाटा होईल, म्हणून त्याला फाटकावर बसवलं.

आणि आज पुन्हा दसरा. मी पुन्हा पाटावर. सकाळीच सागाच्या ओंडक्यांची लॉरी रिकामी होऊन गेली, ओंडके फाटकातच पडलेत. भगवंतरावांनी यादगिरीच्या हातात पाइप दिला. तोच, ठोकून सरळ केलेला. “सांभाळून लोट,” म्हणाले. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला.

तेवढ्यात फाटकावरून नागोराव उठला. आज पांढरा सदरा घालूनच आला होता. लंगडत आला, यादगिरीच्या हातून पाइप काढून घेतला आणि माझ्या शेजारी पाटावर ठेवला. परत गेला, कोपऱ्यातले बांबू आणले, तेही ठेवले. मग यादगिरीनं करंड्यात बोट बुडवून पाइपाला ठसठशीत कुंकू लावलं.

“आता ह्याला बी सुट्टी हाय, मालक,” नागोराव म्हणाला.

भगवंतरावांचा हात पाइपाकडे गेला. कुंकवाजवळ थांबला. त्यांनी हात मागं घेतला, ओंडक्यांकडे पाहिलं, खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. “उद्या बघू,” म्हणाले. विहारात न्यायला आलेल्या रेणुकाच्या स्कूटरवर नागोराव मागं बसला. डावा पाय त्याला हातानं उचलून ठेवावा लागला.

तो दगाबाज पाइप आता कुंकू लावून माझ्या अंगाला अंग लावून बसलाय. आजच्यापुरतं मी त्याला खपवून घेतेय. राग मात्र गेलेला नाही, आणि जायलाही नको. मला माळ घालू नका. उद्या जड कामाला मलाच उचला, आणि पुढच्या दसऱ्याला मला सुट्टी द्यायची असेल, तर आधी मला धरणाऱ्या हाताला द्या.