कागदी पाकिटातलं मीठ

बाजारात माझ्याबरोबर यायला घरात कुणी तयार नसायचं. दहा वस्तू घ्यायला मला दोन तास लागत. साखर किती, तेल कुठलं, रंग घातलाय का, फळ किती लांबून आलंय, वेष्टण मातीत कुजेल की नाही, हे सगळं वाचल्याशिवाय एक वस्तू टोपलीत पडत नसे. प्रत्येक पाकीट मी आधी उलटं करायची. मागे लोक ताटकळत. धाकटा भाऊ मला इन्स्पेक्टर म्हणायचा. "इन्स्पेक्टर, बिस्किटांना अटक करून झाली असेल तर घरी जाऊ या का?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. खरं तर मला ते नाव आवडायचं. बाकीचं जग डोळे मिटून गिळतं आणि आपण तेवढ्या डोळ्यांत तेल घालून घर राखतो, असा माझा तोरा होता. नाकानं कांदे सोलायचे नुसते, दुसरं काय.

वाचणं हाच माझा धंदा. शहराच्या कडेला पाकिटं आणि खोकी छापणारा एक कारखाना आहे, तिथे मी अकरा वर्षं मजकूर तपासते. आमची एक पद्धत आहे. मजकूर शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे वाचायचा. सरळ वाचलं की अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की डोळा पुढे पळतो, चुका निसटतात. उलटं वाचलं की प्रत्येक शब्द सुटा राहतो. तो तपासायचा, त्याच्याखाली पेन्सिलीचा ठिपका द्यायचा, मागच्या शब्दावर जायचं. सगळे ठिपके पडले की खाली सही. संध्याकाळी मला कुणी विचारलं की आज काय वाचलंस, तर मला सांगता यायचं नाही. याचाही मला अभिमानच होता.

भावाच्या मूत्रपिंडांनी वर्षभरापूर्वी कुरकुर सुरू केली. अर्धंच काम करतात, डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या आणि मीठ कमी करायला सांगितलं. भावाला हे जमेना. जन्मभर चवीनं खाणारा माणूस तो. ताटापुढे बसायचा आणि चमच्यानं जेवण इकडून तिकडे करायचा. "आजार मला मारण्याआधी हे जेवणच मारणार," म्हणायचा. महिनाभरात त्याचे गाल बसले. भावजय स्वयंपाकघरात तोंड फिरवून डोळे पुसायची. तो जेवावा एवढंच आम्हा दोघींना हवं होतं.

आणि मग मला ते मीठ दिसलं. दुकानात खालच्या फळीवर, कागदी पाकिटात. पुढे हिरवं पान, 'सोडियम निम्मं', 'प्लॅस्टिक नाही'. मला तर देवच भेटल्यासारखं झालं. हे पाकीट आमच्याच कारखान्यात छापलेलं होतं. तो हिरवा रंग जमेपर्यंत छपाईवाल्यानं किती कागद फुकट घालवला होता ते मला आठवत होतं. मजकूर माझ्याच टेबलावरून गेला होता. मग उलटून काय बघायचं? अकरा वर्षांत मी मागची बाजू न बघता उचललेलं ते एकच पाकीट.

घरी मी ते काचेच्या बरणीत ओतलं आणि पाकीट फाडून गच्चीतल्या खताच्या कुंडीत टाकलं. भाऊ चिडवायचं सोडतो थोडाच! "मागची बाजू वाचलीस का गं?"

"ती माझ्याच सहीनं गेलीय," मी म्हटलं.

भावजय बरणी हातात घेऊन उभी होती. "ताई, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारू या का एकदा? मग सुरू करू."

"अगं, मीठ कमी करा असंच म्हणालेत ना ते? हे कमीच आहे. प्रत्येक गोष्टीत त्यांचं डोकं कशाला खायचं?"

तिनं बरणी फळीवर ठेवून दिली. माझ्यापुढे ती कधीच फारसं बोलत नसे. तसं मीच तिला शिकवून ठेवलं होतं.

त्या दिवशी भावानं दोनदा वाढून घेतलं. बोटं चाटत म्हणाला, "इन्स्पेक्टर, तुला बढती." माझा जीव भांड्यात पडला. मग मी हात सैल सोडला. चवीला कमी वाटलं की अजून चिमूटभर, निम्मंच तर आहे! जोडीला रोज पालक, टोमॅटोचं सूप, केळी. सगळं ताजं, जवळच्या मळ्यातलं, बिनफवारणीचं. तीन आठवड्यांनी तो म्हणाला, पायांत जोर वाटत नाही, जिना चढताना थांबावं लागतं. मी सूप वाढवलं.

रविवारी सकाळी फिरायला निघताना तो बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि तसाच कलंडला. हाक मारायचंही त्याला सुचलं नाही.

दवाखान्यात त्याच्या छातीवर यंत्रं लावली. दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रक्तात पोटॅशियम भयंकर वाढलं होतं, त्यानं हृदय बंद पडलं, आम्हाला ते पुन्हा चालू करता आलं नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग विचारलं, "खाण्यात काही बदल केला होता?"

भावजय म्हणाली, "मीठ बदललं होतं. निम्म्या सोडियमचं. आणि रोज पालक, टोमॅटोचं सूप, केळी."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशा मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घालतात. त्या भाज्या-फळांतही ते भरपूर असतं. धडधाकट माणसाला चालतं. यांच्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नव्हतं. पाकिटावर सूचना असते तशी."

भावजयीनं माझ्याकडे पाहिलं. "होती का, ताई?"

"नव्हती," मी म्हटलं. "असती तर मी वाचली असती." हे मी मनापासून म्हटलं, हो. पाकीट तर कुंडीत कधीच कुजून गेलं होतं.

पुढचे दिवस ती मला धरून राहिली. माझ्या ताटात तीच वाढायची. "तुमचा काय दोष," म्हणायची, "छापायलाच हवं होतं त्यांनी. आपण तक्रार करू. तुम्ही कारखान्यातून त्या पाकिटाचा नमुना आणा, आपण दाखवू सगळ्यांना." कुणाला तरी दोष देता येतोय, यावरच ती उभी होती. मीही.

दहाव्या दिवशी मी कामावर गेले आणि कपाटातून फाइल काढली. ती ओळ नसू दे, असं मी किती वेळा म्हटलं ते मलाच माहीत. पाकिटाच्या पाठीवर, खालच्या घडीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरांत ती होती. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. सात शब्द. प्रत्येकाखाली ठिपका. ते मी उलटीकडून दिलेले होते, 'नये'पासून सुरू करून. खाली माझी सही होती, ठसठशीत. मी ती ओळ त्या दिवशी पहिल्यांदा सरळ वाचली आणि तो कागद घरी न्यायला काढून घेतला.

वाटेत तो कागद फाडून टाकायचं माझ्या मनात आलं. एकदा नाही, चारदा आलं. नमुना सापडला नाही म्हटलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता. पण मला बरणी हातात घेऊन उभी असलेली ती दिसत राहिली. एवढं साधं विचारू या म्हणाली होती ती, आणि मी तिला गप्प केलं होतं. घरी पोचल्यावर मी कागद तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

तिनं तो सावकाश वाचला. वरपासून खालपर्यंत. मग त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे ठिपके कशाचे?"

"माझे."

"म्हणजे तुम्ही वाचलं होतं."

"एकेक शब्द," मी म्हटलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कागदाची घडी घातली, माझ्याकडे सरकवली, आणि खुंटीवरची माझी कापडी पिशवी खांद्याला लावली.

"भाजी आणायला जाते."

मी सवयीनं उठले, चपलेत पाय घातला.

"नको, ताई," ती दारातून म्हणाली. "तुम्ही येऊ नका."