सगळ्यांचा एकच निरोप्या

मी एक जुना निरोप्या आहे, मित्रांनो. मला हातपाय नाहीत. एका इस्पितळाच्या संगणकात मी राहतो आणि तिथून रुग्णांच्या फोनवर निरोप धाडतो.

संगणक सुरू झाला की मला एकदाच घडवतात. प्रत्येक निरोपासाठी नवा निरोप्या घडवत बसलं तर काम खोळंबतं, म्हणून सगळ्या खिडक्यांवरच्या कारकुनांना मिळून मी एकटाच. त्याचं मला कधी ओझं वाटलं नाही. "एकटा गडी दहा जणांना भारी आहे," असं मोठे डॉक्टर म्हणायचे आणि मी फुगायचो.

मग मला घडवणाऱ्या प्रोग्रामरसाहेबांना युक्ती सुचली. निरोप ज्याला द्यायचा त्याचा नंबर आधी मला निरोपाबरोबरच मिळायचा. तो खटाटोप नको म्हणून त्यांनी मला एका नंबरापुरता एक खिसा लावला. कारकुनाने नंबर खिशात टाकायचा, मी निरोप लिहून त्या नंबरावर धाडायचा. खिसा एक आणि हात घालणारे अनेक! साहेबांनी एकट्याने बसून सगळं तपासलं. एकट्याने तपासल्यावर काय बिघडणार?

एका सकाळी पहिल्या खिडकीवरून एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा नंबर आला. त्यांच्या पोटात गाठ निघाली होती. मी निरोप लिहितोय, तोच दुसऱ्या खिडकीवरून, तपासणीचं बिल कळवण्यासाठी, एका शिक्षिकेचा नंबर खिशात पडला आणि पहिला पुसला गेला. गाठीचा निरोप शिक्षिकेला गेला; निरोपात नाव लिहायची पद्धत नव्हती.

नवऱ्याचा हात घट्ट धरून त्या धावत आल्या. पुन्हा तपासणी झाली.

"अहो ताई, तुम्हाला काहीसुद्धा नाही! मशीनने घोळ घातला," कारकून म्हणाला.

त्यांचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी मला बंद करून चालू केलं. "माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय," म्हणाले. सगळे हसत चहाला गेले. मग तो निरोप होता कोणाचा, हे एकानेही विचारलं नाही.

शिवणकामवाल्या बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, "काही निघालं तरच मेसेज येईल." मेसेज आलाच नाही. त्या निर्धास्तपणे कपडे शिवत राहिल्या.

काही महिन्यांनी बहीण त्यांना आधार देत घेऊन आली.

"इतके दिवस काय करत होता तुम्ही?" डॉक्टर ओरडले.

"मेसेज आला नाही ना, म्हणून देवाचे आभार मानत होते," बाई म्हणाल्या.

फार उशीर झाला होता.

आता मला मोडीत काढताहेत. मी जुना झालो होतो म्हणे! चोर सोडून संन्याशाला फाशी. तो खिसा मी मागितला नव्हता.

मित्रांनो, जी वस्तू दहा जण वापरतात, तिच्यात आपल्या एकट्याचं काही ठेवू नका. आणि दुसऱ्याचं दुःख चुकून तुमच्या दारी आलं, तर ते आपलं नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकून घरी जाऊ नका. ते कोणाचं आहे, एवढं तरी विचारा. मला विचारलं असतं, तर माझ्या नोंदवहीतलं बाईंचं नाव मी त्याच सकाळी सांगितलं असतं.