खुर्चीवरची सावली

वेताच्या खुर्च्या विणणारा माणूस एकवेळ स्वतःचं लग्न विसरेल, पण आपल्या हातची वीण विसरायचा नाही. दादाने मात्र ती चोरी विणीवरून ओळखलीच नाही. ओळखली ती सावलीवरून.

दुकानाची वेबसाइट त्याची बायको सांभाळायची. तिनेच मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. कुठल्याशा लांबच्या दुकानाने यांचे सगळे फोटो जसेच्या तसे उचलून आपल्या साइटवर लावले होते. नाव त्यांचं, किंमत त्यांची, आणि खुर्चीच्या पाठीवर सावली धाकट्याची.

धाकटा म्हणजे दादाचा सख्खा भाऊ. फोटो सगळे त्यानेच काढलेले. सकाळचं ऊन पाठीवर घेऊन उभा राहायचा, आणि दर फोटोत त्याची सावली घुसायची. दादा त्याला चिडवायचा. एकदा भर गिऱ्हाइकांत बोलून गेला, "खुर्ची विकायचीय का तुझी सावली?" धाकट्याने कॅमेरा गळ्यात अडकवला आणि गेला तो गेलाच. पुढे दोघंही अडून बसले. एकाच वेताचे दोन तुकडे, वाकणार कोण?

तक्रारीचा फॉर्म भरायला बसले तर पहिलाच सवाल, फोटो काढला कोणी? ज्याने काढला त्याचा हक्क, त्याची परवानगी हवी.

"मी काढले म्हणून लिही," दादा गुरगुरला.

"खोटं मी लिहायची नाही. भावजींना फोन लावा."

दादाने कुरकुर केली खरी, पण आतून त्याला उकळ्या फुटल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा फोन करायला कारण सापडलं होतं, तेही कामाचं. वेत भिजत घालता घालता तो मनात वाक्य घोळवायचा. कामाचं बोलायचं, मग सहज विचारल्यासारखं विचारायचं, जेवणखाण नीट आहे ना. रोज म्हणायचा, उद्या लावतो.

अन् एका सकाळी बायको म्हणाली, "सुटलो बाई. फोटो काढून टाकले त्यांनी."

भरल्या ताटावरून उठवल्यासारखं दादाचं तोंड झालं. चोरही मेले धड चोर नव्हते. हातातली खुर्ची त्याने अर्धवट ठेवली, मागल्या दारी गेला आणि कारण नसताना फोन लावला.

"बोल दादा," पलीकडून आलं. जसं काही कालच बोलणं झालं होतं.

दादाची सगळी वाक्यं पळाली. "ते फोटो... काढून टाकले त्यांनी."

"टाकणारच. तक्रार मी केली होती."

"तुला कुठून कळलं?"

"साइट बघतो ना मी. अधूनमधून त्या खुर्च्या कुठे कुठे विकल्या जातात तेही शोधतो." मग धाकटा म्हणाला, "नव्या खुर्च्यांचे फोटो कोण काढतं रे? मेल्यासारख्या दिसतात."

"तुझी वहिनी. दिव्याखाली काढते." दादाने अंगणाकडे पाहिलं. "ऊन अजून तिथंच पडतं, अंगणात. सकाळचं."

फोन कोणीच ठेवला नाही. दादाने मोबाइल खांद्यात दाबला, आत जाऊन ती अर्धवट खुर्ची उचलली आणि उन्हात आणून ठेवली.