दारातला ओला शिपाई

सुजू झोपली की घराचा आवाज बदलायचा. एरवी कुकर, पाण्याची मोटर, शेजारचा टीव्ही आणि पोरीचा खुळखुळा यांच्यात जे काही ऐकू येत नसे, ते दुपारच्या त्या दीड तासात ऐकू येई. अकोल्याचं ऊन पत्र्यावर तडतडे. कुलरचं पाणी बादलीत ठिबके. आणि पुढच्या खोलीत आबाजी कुणाशी तरी हळू आवाजात बोलत.

भावनाला आधी वाटलं, फोन असेल. पण आबाजींचा फोन तर तिच्या उशाशी चार्जिंगला लावलेला. पोरीच्या अंगावरचा हात अलगद काढून ती दाराशी गेली. बाजेवर बसलेले धर्मपाल गुरुजी, तिचे ब्याऐंशी वर्षांचे आजेसासरे, उघड्या दाराकडे तोंड करून म्हणत होते, "आत ये ना. तथीच काहून उभा रायतं? लादी ओली झाली तं होऊ दे."

दारात कुणी नव्हतं. चपला होत्या, आणि ऊन.

दुसरं कुणी असतं तर भावना घाबरली नसती. म्हातारं माणूस, बोलतं. पण हे गुरुजी. भातकुलीकडच्या शाळांमधून चौतीस वर्षं यांनी भूत, भानामती आणि अंगात येणं यांच्यावर छडी उगारलेली. "पुरावा आण," हे त्यांचं पालुपद. चिंचेवर काही दिसलं असं कुणी म्हणालं, की हे सतरंजी घेऊन त्याच चिंचेखाली जाऊन बसत आणि गावाला चहा तिथंच मागवायला लावत.

"कोणाशी बोलून राहिले आबाजी?"

ते दचकले. चोरी पकडलेल्या पोरासारखे पायजम्याच्या नाडीशी चाळा करत म्हणाले, "मायाले नको सांगू. ती नर्स आये, लगेच डॉक्टरकडे नेईन. अश्विनले तं बिलकुलच नको. हासन तो."

"नाही सांगत. कोण आहे?"

"माहा बाप."

माया म्हणजे भावनाच्या सासूबाई, सकाळीच ड्यूटीवर गेलेल्या. अश्विन अमरावतीला नोकरीला, रोजचं जाणं-येणं. घरात ती, आठ महिन्यांची सुजू, आणि हे. तिनं मोढा ओढला आणि त्यांच्या पायाशी बसली.

"ओला चिंब आये," आबाजी म्हणाले. "खाकी कपडे. पाणी नुसतं गळून राहिलं आंगावरून. बोलत काई नाई. पोरगंच आये वो, आपल्या अश्विनपेक्षा लहान."

"पण तुम्ही त्यांना पाहिलं कुठं? फोटोसुद्धा नाही घरात."

"पाहिलं असन ना. रजा संपवून गेला तवा मी आपल्या सुजूएवढा होतो. तोंड अश्विनचं, उभं रायनं माहं. त्यात ओळखाचं काय?"

"पण ते येतात कशासाठी?"

"मले का माईत," असं म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या फिरवण्यावरून भावनाला कळलं, की माहीत आहे.

घराला ठाऊक होतं ते एवढंच. जानराव नावाचा माणूस महार पलटणीत शिपाई झाला, मोठ्या लढाईत ब्रह्मदेशाला गेला, आणि परत आला नाही. कागदपत्रं होती ती मातीच्या घरात उदईनं खाल्ली. कुठं पडला, कसा पडला, कुणी सांगितलं नाही.

"तू सारं शोधतं ना त्या फोनवर," आबाजी भिंतीलाच म्हणाले. "एवढं शोधून दे. तो कोठी पडला ते. मंग मी त्याले सांगीन, बाप्पा, तुयी जागा तथी आये, इथी नाई. माह्या मागं तो या दारात उभा रायला, तं त्याच्याशी बोलन कोन?"

त्यांच्या हृदयाबद्दल डॉक्टरांनी होळीतच सांगून ठेवलं होतं, पावसाळा निघाला तर बघू. आता वैशाख चालला होता.

त्या दिवसापासून भावनाच्या दुपारचे दोन वाटे झाले. उजव्या हातानं पोरीला थोपटायचं, डाव्या हाताच्या अंगठ्यानं शोधायचं. लढाईत गेलेल्या लाखो शिपायांची यादी एका संस्थेनं नेटवर मांडून ठेवलेली. कबर कुठं, नाव कुठल्या भिंतीवर, सगळं. पण जानराव सापडेना. आडनाव घालून पाहिलं तर काहीच येईना, कारण ते आडनाव आबाजींना शाळेत घालताना मास्तरांनी पहिल्यांदा लिहिलेलं. फौजेला ते कुठून ठाऊक असणार? आडनाव काढलं तर नावांचा पूर. पलटणीच्या दफ्तराला तिनं पत्र लिहिलं. तिथून आपुलकीचं उत्तर आलं, पण त्यात एकच गोष्ट मागितलेली: शिपायाचा नंबर. त्यावाचून इतक्या जुन्या माणसाचा माग काढणं अवघड.

एका रविवारी अश्विनला "आत्याआजीला पोरगी दाखवून आणू" म्हणून तिनं भातकुलीच्या पुढं, पेढी नदीकाठच्या गावी न्यायला लावलं. आबाजींची मोठी बहीण इंदूबाई तिथं लेकाकडे असायच्या. पंच्याऐंशी वर्षं, तोंडात दात नाही, कान मात्र मांजरीचे.

"ये वो नातसूनबाई. पोरगी तं माह्या भावावर, धर्मावर गेली. कपाळ पाह्य ना, कसं रुंद पडलं. लय बोलन ही."

अश्विन शेताकडे गेल्यावर भावनानं हळूच विषय काढला. "आत्याआजी, जानरावपणजोबांचा फौजेतला नंबर कुठं लिहिलेला आठवतो का?"

"नंबर? बिल्ल्यावर होता ना. कडेकडेनं कोरला होता."

"कुठला बिल्ला?"

"आता घ्या! सांगतलं नाई तुले त्यानं?" इंदूबाईंनी सुजूचं टोपरं सारखं केलं. "लढाई सरल्यावर लय सालानं पाकीट आलं होतं. त्यात बिल्ला, चांदीसारखा. एका बाजूनं मुकुटाचा राजा, एका बाजूनं सिंव्ह. माय म्हणे, सिंव्ह आये म्हंजे देवीचाच आये. तिनं देवात मांडला तो, टाकाच्या रांगीत. मानूस जळला नाई, पुरला नाई, मंग ठेवा कोठी त्याले? रोज हयद-कुंकू. कुंकवानं नंबर पुरा बुजला होता."

"मग आता कुठं आहे?"

इंदूबाई हसल्या. हसताना डोळे मात्र हसले नाहीत. "धर्माले इचार. लय शहाणा गुरुजी. त्यानंच सोडला पेढीत."

येताना पुलावर अश्विननं गाडी थांबवली, पोरीला नदी दाखवायला. खाली पाणी घोट्याएवढं, हिरवं. सुजू टाळ्या वाजवत होती. भावनाला खाली बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोढा घेऊन बसली आणि काही विचारलंच नाही. आबाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"इंदूनं सांगतलं ना?"

"हो."

"छप्पनची गोष्ट आये. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो. साऱ्या वस्तीनं पेढीत सोडाले देव बांधले. आमच्या घरात बाप्या मानूस म्हंजे मी, तेरा सालाचा. गाठोडं माह्या हाती. माय म्हणे, धर्मा, तेवढा बिल्ला काढून दे. मी म्हटलं, एक ठेवला का सारेच रायतेत. मले भाषन पाठ होतं ना. सभेत आयकलेलं, जसंच्या तसं म्हणून दाखोलं मायले. ती काईच बोलली नाई. गाठोडं लगेच बुडालं नाई वो. हवा होती त्यात. जराक पाण्यावर चाललं, माह्या बराबर, काठाकाठानं. मंग गेलं."

कुलरचं पाणी ठिबकत राहिलं.

"देव सोडल्याचं मले दुख नाई. आजबी नाई. पुन्हा वेय आली तं पुन्हा सोडीन. पन बाप देव नव्हता. मानूस होता. मानूस बुडोला मी."

भावनानं त्यांचा पाय दाबायला घेतला. काहीतरी हाताला हवं होतं. "तुमच्या आई नंतर काही म्हणाल्या?"

"एकदाच. पेढीले पूर आला तवा दारात उभी रायली, अन् म्हणे, त्यायले पोवता येत नव्हतं. बस. पुन्हा कधी नाव नाई काढलं. तसं बी ती नवऱ्याचं नाव घेतच नसे. पाकीट आलं तवा पोस्टमन गल्लीत वरडला, 'मनकर्णा, जौजे जानराव!' तं लाजून आत पयाली. सरकारच्या तोंडून तिचं नाव पयल्यांदा निंघालं होतं."

भावनाचा हात थांबला.

पाकीट तिच्या नावानं आलं होतं. म्हणजे फौजेनं तिचं नाव कुठंतरी लिहून ठेवलं होतं. इतके दिवस ती शिपायाला शोधत होती. शिपायाच्या बायकोला कुणी शोधलंच नव्हतं.

आत सुजू कुरकुरली. पोरीला अंगावर घेऊन, पदराखालूनच तिनं फोन उघडला. यादीत नावाखाली आणखी माहितीची एक जागा होती. तिथं इंग्रजीत मनकर्णा लिहिलं, अमरावती लिहिलं. चाक फिरत राहिलं. पोरगी चुटुचुटु पीत राहिली. मग एकच ओळ आली.

जानराव. शिपाई, महार रेजिमेंट. नंबर. फेब्रुवारी एकोणीसशे पंचेचाळीस. वय चोवीस. मनकर्णाचा नवरा. आणि पुढं त्यांच्या गावाचं नाव.

चोवीस. तिच्याहून तीन वर्षांनी लहान. तिच्या अंगावर काटा आला तो त्याच्या मरण्यानं नाही. आबाजींनी सांगितलेलं वय बरोबर निघालं, म्हणून.

तिनं लगेच सांगितलं नाही. दोन दुपारी आणखी चोरल्या. त्या महिन्यात तिकडं काय चाललं होतं, हे वाचत बसली. मग तिसऱ्या दिवशी मोढा ओढला आणि ती ओळ वाचून दाखवली. आबाजींनी ती तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा "मनकर्णाचा नवरा" आल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"कबर?"

"नाही आबाजी. ज्यांचा देह मिळाला नाही, त्यांची नावं खांबावर कोरली आहेत. रंगूनजवळ."

"मिळाला नाई," ते म्हणाले.

"त्या फेब्रुवारीत फौज नदी पार करत होती. इरावती. आपल्या पेढीसारखी नाही, पलीकडचा काठ दिसत नाही म्हणे. समोरून गोळीबार, नावा उलटत होत्या. यादीत काही लिहिलं नाही. पण मला वाटलं… ते आधीपासूनच ओले असतील. तुम्ही नाही भिजवलं त्यांना."

आबाजींनी तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांविषयी तिनं फक्त ऐकलं होतं. चौतीस वर्षं वर्गात पोरं ज्यांना घाबरली ते.

"पुरावा?"

"नाही."

त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात चपला होत्या, ऊन होतं. मग त्यांची हनुवटी हलायला लागली आणि त्याच हलत्या तोंडानं ते म्हणाले, "उत्तर बरोबर असू शकते. रीत दाखोली नाई. अर्धे मार्क."

भावना हसली आणि तिचं रडू फुटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो जड, कोरडा हात पुष्कळ वेळ तिथं राहिला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आबाजी म्हणाले, "सुजूचा तो मोठा टॉवेल दे मले. कोरडा पाहून दे."

तिनं दोरीवरचा उन्हानं गरम झालेला टॉवेल आणून दिला. त्यांनी तो दाराशी खुर्चीवर ठेवला, आणि बाजेवर येऊन बसले.

ती आत पोरीजवळ आडवी झाली. तिला वाटलं होतं, आज ते त्याला वाटेला लावतील. ठरल्याप्रमाणे सांगतील, तुयी जागा तथी आये. पुढच्या खोलीतून आवाज आला. हजेरी घेतात तसा, सावकाश, आधी नंबर, मग नाव. नावानंतर थांबणं, जसं पोरगं उत्तर देईपर्यंत थांबतात. कुलर चालू होता, तरी त्या थांबण्यात तिला काहीच ऐकू येईना. तिनं सुजूला कुशीत ओढून घेतलं.

मग आबाजी बोलले. त्या आवाजात गुरुजी नव्हते.

"जागा सापडली तुयी. पन घाई नाई. आंग पूस आधी."