गाडीतलं पांढरं पाणी

सकाळी चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून मी कुंदाच्या घशात पाहिलं, तर मागे पांढरा पडदा. घटसर्प. नवेगाव बांधच्या कंपाउंडरनं हात लावायलाच नकार दिला. आजच्या आज गोंदियाला न्या, म्हणाला. कुंदाचे वडील जंगलखात्याच्या दौऱ्यावर. मी लाकडाच्या ठेकेदाराकडून जीप मागून घेतली आणि दीड वर्षाची पोर मांडीवर घेऊन एकटीच निघाले. एकटी म्हणजे, गाडी हाकायला ठेकेदाराचा दुधराम होता.

जीप लढाईतली, मोडीत काढलेली. जंगलात शिरताच बॉनेटमधून वाफ यायला लागली. रस्त्याकडेला चार घरांचा टोला होता, तिथे दुधरामनं गाडी थांबवली, फडकं धरून रेडिएटरचं झाकण सैल केलं आणि पहिल्या घरातल्या म्हातारीला सांगितलं, थोडी निवली की गाडीले पोटभर पाजजो. मग तो टायर पाहायला मागे गेला. मी अंगणात कुंदाला पाण्याचे थेंब देत होते. गिळताना ती मान मागे टाकत होती आणि श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती. रस्त्याकडे माझी पाठ होती.

दुधरामनं इंजिन सुरू केलं तसा झाकणाखालून फेस उसळला. पांढरा, घट्ट. ताकासारखा तो जाळीवरून ओघळत राहिला.

त्यानं इंजिन बंद केलं. म्हातारीला, देवकाबाई तिचं नाव, दरडावून विचारलं, "काय टाकली वं बुढे? नालीचं पाणी?"

"पाणीच होतं जी," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून भिंतीशी सरकली.

दुधराम माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "पाण्यात तेल उतरलं, बाई. आतलं गास्केट गेलं. आता चालवली तं जंगलात मधातच जाम होईन. तिथं माणूस बी नाही भेटत."

तेलाची पट्टी काढून पाहा, मी म्हटलं. हे माझ्या भावाच्या गाडीमुळे माहीत होतं. पट्टी स्वच्छ निघाली, तेलात पाणी मिसळलेलं नव्हतं. पण दुधरामचा त्यावर भरवसा नव्हता. पट्टी साफ असूनही इंजिन बसलेलं त्यानं पाहिलं होतं. देवकाबाईचा मुलगा शालीकराम बैलगाडी जुंपायला तयार झाला. पांदणीच्या गाडीवाटेनं सौंदडचं स्टेशन, तिथून संध्याकाळची गाडी. गोंदियाला पोचेपर्यंत रात्र. पण पोचू हे नक्की, असं तो म्हणाला.

रात्र. मी कुंदाच्या गळ्याखालच्या खळग्याकडे पाहिलं. प्रत्येक श्वासाला तो आत ओढला जात होता.

फेस बोटांवर घेऊन चोळला. बुळबुळीत. तेलही बुळबुळीतच लागतं. वास घेतला तर रबराचा आणि गंजाचा. देवकाबाईला मी पुन्हा हळू आवाजात विचारलं, काकू, खरं सांगा. ती खालीच पाहत राहिली. एवढी मोठी मोटर आपल्या हातानं मेली, या धास्तीनं तिला बोलता येत नव्हतं.

पिशवीत टिंक्चर आयोडीनची बाटली होती. नागपूरला कॉलेजात प्रयोगशाळेत आम्ही बटाट्यावर, तांदळावर त्याचे थेंब टाकायचो. पिठूळ काही असलं की निळं होतं. तेल निळं होत नाही. पळसाच्या द्रोणात रेडिएटरचं ते पांढरं पाणी धरलं, थेंब टाकला.

निळं झालं नाही. तपकिरी थेंब पसरला आणि विरून गेला.

म्हणजे तेलच. शालीकराम बैल आणायला गेला. मी द्रोण ओट्यावर ठेवला आणि कुंदाला पदरात गुंडाळायला लागले. तिचे ओठ मला सावळे दिसायला लागले होते. खरंच होते की माझे डोळे तसं पाहत होते, कळत नव्हतं. तिला उचलताना नजर द्रोणावर गेली. कडेचं पाणी जांभळट झालं होतं. पाहता पाहता ते मधोमध सरकलं आणि सगळा द्रोण दौतीसारखा निळा झाला.

पाणी गरम होतं. गरम असताना रंग धरत नाही, निवल्यावर येतो. हाही प्रयोग मी स्वतःच्या हातानं केला होता, आणि ऐन वेळी विसरले होते.

"काकू, पेज घातलीत ना?" मी म्हटलं. "गाडी मेली नाही. सांगा फक्त."

तेव्हा ती बोलली. "थकला बैल दारात आला का आमी त्याले कोरं पाणी नाही दाखवत, बाई. मीठ घालून पेज देतो. हे तं बैलाहून जास्त धापा टाकून राहिली होती. आन् हा म्हणे पोटभर पाज."

दुधराम कपाळाला हात लावून म्हणाला, "बरं झालं माय, सरकीची ढेप नाही चारली."

त्यानं खालची तोटी उघडून सगळं वाहू दिलं. देवकाबाई विहिरीचं पाणी आणून देत राहिली, तो ओतत राहिला, निर्मळ पाणी येईपर्यंत. मग झाकण न लावता त्यानं माझ्याकडे पाहिलं. पेज होती म्हणून गास्केट शाबूत आहे असं नाही, तो म्हणाला. इंजिन लई तापलं होतं. तुमीच सांगा, बाई.

शालीकराम बैलांचे कासरे धरून उभा होता. दोन वाटा होत्या आणि दोन्ही वाटांनी एकाच पोरीला नेता येत नव्हतं.

"मोटर," मी म्हटलं. कुंदाला छातीशी धरून पुढे बसले.

जंगलातला तो रस्ता मला आठवत नाही. काटा आठवतो, तापमानाचा, थरथरत तांबड्या खुणेशी जाणारा आणि परत येणारा. त्याच्याकडून कुंदाच्या छातीकडे, छातीकडून काट्याकडे, एवढंच मी पाहिलं. मध्ये दुधराम काहीतरी बोलला, मी हूं म्हटलं.

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला माझ्या हातातून घेतलं आणि दार लोटलं. दुधराम बाहेर इंजिन चालूच ठेवून उभा होता. इथून पुढं नागपूरला न्या म्हटलं तर, म्हणून. ती घरघर ऐकत मी भिंतीला टेकले.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा दिवस अजून मावळला नव्हता. सुई दिली होती. पडदा खाली श्वासनळीत उतरायच्या बेतात होता, अजून उतरला नव्हता. आजची रात्र पाहू, म्हणाले. पण पोर हातची जाईल असं आता वाटत नाही.

मी बाहेर जाऊन दुधरामला म्हटलं, गाडी बंद करा. आणि तिथेच पायरीवर बसले.